देवदूत निरोप आणतो, पण नमन का स्वीकारत नाही?

मुठाकाठ (कर्वेनगर, पुणे)

ख्रिस्ती श्रद्धेत देवदूतांचे नेमके स्थान काय, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस घोळतो आहे, आणि येथे ख्रिस्ती वाचकही नियमाने लिहितात म्हणून तो मांडते. शेजारच्या कुटुंबामुळे मला नाताळच्या मराठी उपासनेला जाण्याचा योग येतो. तेथे लूककृत शुभवर्तमानातील पाठ वाचला जातो: रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांपुढे देवदूत उभा राहतो, भिऊ नका म्हणतो, तारणारा जन्मला आहे असे सांगतो, आणि खूण म्हणून बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत निजवलेले बालक तुम्हांला सापडेल असे सांगून त्यांना बेथलेहेमाकडे धाडतो. पाठ ऐकायला सुंदर आहेच, पण माझी अडचण त्यानंतर सुरू होते.

ख्रिस्ती स्नेही आवर्जून सांगतात की देव सर्वत्र आहे, तो प्रत्येकाची प्रार्थना स्वतः ऐकतो आणि त्याच्याशी बोलायला कोणाची ओळख काढावी लागत नाही. असे असेल तर देवाने आपला निरोप दुसऱ्याच्या हाती का धाडावा? दुसरे असे की आमच्या घरी मारुतीची उपासना पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. मारुती हा रामदूत, अशोकवनात सीतेला रामाची अंगठी नेऊन देणारा. दूत म्हणून त्याने केलेले काम आपल्याकडे इतके मोठे मानले गेले की मारुतीचे देऊळ नाही असे गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल. मग प्रत्यक्ष देवाचा निरोप आणणाऱ्या देवदूतापुढे ख्रिस्ती माणूस हात का जोडत नाही? बायबलमध्ये देवदूत स्वतःच नमन नाकारतो असे माझ्या वाचनात आले. ते खरे असेल तर त्यामागची भूमिका कोणी समजावून सांगेल का? हे वाद घालण्यासाठी विचारत नाही, आणि उत्तरे लांबली तरी मी ती आनंदाने वाचेन.

पंचहौदकर (गुरुवार पेठ, पुणे)

ताई, आपण वाचले ते खरे आहे, आणि उत्तराची सुरुवात मी तेथूनच करतो. नव्या करारातील शेवटच्या, प्रकटीकरण नावाच्या पुस्तकात ते दर्शन लिहिणारा योहान देवदूताच्या पायांशी नमन करायला पालथा पडतो, आणि देवदूत त्याला तेथेच अडवतो: असे करू नकोस, मी तुझा व तुझ्या बंधूंचा सोबतीचा दास आहे, नमन देवाला कर. हा प्रसंग एकोणिसाव्या अध्यायात येतो आणि बाविसाव्यात पुन्हा येतो. एवढे दर्शन पाहिलेल्या योहानाच्या हातूनही हे दोनदा घडते, यावरून दूतापुढे वाकण्याची ओढ किती स्वाभाविक आहे, हे शास्त्राला पुरते ठाऊक आहे असे मला वाटते.

याहून जुना दाखला जुन्या करारातील शास्ते या पुस्तकात आहे. शमशोनाच्या जन्माची वार्ता घेऊन आलेल्या दूताला त्याचा बाप मानोहा आग्रहाने जेवायला थांबवू पाहतो. दूत म्हणतो, मला ठेवून घेतलेस तरी मी तुझे अन्न खाणार नाही. होमबली करायचा असेल तर तो परमेश्वराला कर. वार्ता खरी ठरल्यावर तुमचा सन्मान करता यावा म्हणून मानोहा नाव विचारतो, तेव्हा ते अद्भुत आहे एवढेच उत्तर त्याला मिळते, आणि वेदीवरच्या ज्वाळेबरोबर दूत वर निघून जातो. जो माणूस निरोपापेक्षा निरोप्याचा मान ठेवायला निघाला होता, त्याच्या हाती नाव लागू दिलेले नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आम्ही प्रॉटेस्टंट वाचतो त्या पवित्र शास्त्रात देवाच्या सेवेतील ज्या दूतांची नावे येतात ते दोनच आहेत, गब्रीएल आणि मीखाएल; बाकीचे सर्व निनावी येतात, सांगायचे ते सांगतात आणि जातात.

यामागची भूमिका आमच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत, स्पष्ट आहे. नायसियाच्या मतांगीकारात देव हा दृश्य आणि अदृश्य अशा सर्वांचा निर्माणकर्ता आहे असे आम्ही म्हणतो, आणि देवदूत त्या अदृश्य निर्मितीत मोडतात. ते आपल्याहून सामर्थ्यवान असतील, देवाच्या समोर उभे राहत असतील, पण निर्माणकर्ता आणि निर्मिती यांच्यामध्ये ख्रिस्ती श्रद्धा जी रेघ ओढते तिच्या अलीकडे, म्हणजे आपल्याच बाजूला, ते उभे आहेत. मारुतीरायाच्या भक्तीविषयी मी अधिकाराने काही बोलणार नाही. दास्यभक्ती पूर्णत्वाला गेली की दासही पूज्य होतो ही त्या परंपरेची धारणा मला आदरणीय वाटते. ख्रिस्ती परंपरेत मात्र दास जितका विश्वासू, तितक्या तत्परतेने तो आपल्याकडे आलेले नमन धन्याकडे वळवतो.

आता पहिला प्रश्न, देवाला दूताची गरज का पडावी. गरज देवाला पडत नाही. ती ऐकणाऱ्याची असते, आणि हे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, सोळाव्या अध्यायाइतके दुसरीकडे कोठे स्पष्ट होत असेल असे मला वाटत नाही. हागार ही मिसरी दासी. मालकिणीच्या जाचामुळे ती गरोदरपणी पळून रानात गेली आणि शूरच्या वाटेवरील झऱ्यापाशी परमेश्वराच्या दूताने तिला गाठले. परमेश्वराच्या दूताची पवित्र शास्त्रातील ही पहिली भेट आहे, आणि ती नोहाला किंवा अब्राहामाला मिळालेली नसून एका परदेशी दासीला मिळालेली आहे. त्या अध्यायात अब्राम (पुढचा अब्राहाम) आणि त्याची पत्नी, हागारेची मालकीण, साराय (पुढची सारा) यांच्या तोंडी तिचा उल्लेख केवळ दासी असा येतो. तिला नाव घेऊन हाक मारणारा पहिला तो दूत. कोठून आलीस आणि कोठे चाललीस, असे तो विचारतो. ज्या बाईला आजवर फक्त हुकूम ऐकायची सवय होती तिला कोणी तरी प्रश्न विचारतो आणि तिच्या उत्तरासाठी थांबतो. आकाशातून नुसती वाणी झाली असती तर कदाचित ती आणखी घाबरून पुढे पळाली असती.

दूताने तिला सांगितलेले काम सोपे नव्हते हेही लपवू नये: परत जा, असे तो सांगतो. आमच्यातील बायका या वचनावर वर्षानुवर्षे अडतात, आणि त्यांनी अडावे हे मला योग्यच वाटते. पण निरोप ऐकून झाल्यावर हागार काय करते ते पाहा. ती दूताची स्तुती करीत नाही. आपल्याशी बोलणाऱ्या परमेश्वराला ती मला पाहणारा देव असे नाव देते. दूत समोर असताना तिने ओळखले ते देवाला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दूताचे काम येथे पुरे झाले.

जपमाळ (वडगाव शेरी, पुणे)

पंचहौदकरांचे विवेचन मला मनापासून पटले. मी कॅथलिक आहे, आणि आमच्याकडे देवदूतांशी असलेले नाते थोडे अधिक जवळिकीचे असल्यामुळे त्यात भर घालते.

आराधना फक्त देवाची, हे आम्हीही तितक्याच ठामपणे मानतो. संत आणि देवदूत यांचा आम्ही आदर करतो आणि त्यांना आमच्यासाठी देवाकडे विनंती करायला सांगतो. हा आदर आराधनेहून वेगळा आहे, ही शिकवण धर्मशिक्षणाच्या वर्गातच मुलांना दिली जाते. २९ सप्टेंबरला आम्ही मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल या महादूतांचा सण पाळतो. १९६९ मध्ये सणांची नवी दिनदर्शिका आली तोवर गाब्रिएलचा सण २४ मार्चला, म्हणजे येशूची आई मरिया हिला मिळालेल्या निरोपाच्या सणाच्या आदल्या दिवशी, येत असे. तो क्रम मला आजही हवासा वाटतो, कारण आधी निरोप्या आणि मग निरोप अशी त्यात एक रचना होती. २ ऑक्टोबरचा सण राखणदार देवदूतांचा. प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या सोबतीला देवदूत असतो अशी आमची श्रद्धा आहे, आणि लहानग्यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचे मुख सदा पाहतात या येशूच्या वचनाचा, मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील, तिला आधार आहे. आमच्या घरात मुले झोपण्यापूर्वी पाळण्याजवळच्या भिंतीवरील चित्राकडे तोंड करून राखणदार देवदूताची छोटी प्रार्थना म्हणतात. धाकटीला ती अजून पूर्ण येत नाही. दिवा आणि वाट एवढे दोन शब्द ती मोठ्याने म्हणते आणि बाकीचे आईवर सोडून देते.

राफाएलची कथा तोबीतच्या ग्रंथात आहे. तो ग्रंथ आमच्या बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही, म्हणून ती थोडक्यात सांगते. आंधळ्या झालेल्या तोबीतचा मुलगा तोबिया दूरच्या गावी ठेव म्हणून ठेवलेले पैसे आणायला निघतो, तेव्हा वाट माहीत असलेला एक सोबती त्याला भेटतो. त्याची रोजची मजुरीही ठरते. वाटेत नदीत पकडलेल्या माशाचे पित्त हाच सोबती जपून ठेवायला सांगतो आणि परतल्यावर त्याच पित्ताने म्हाताऱ्याची दृष्टी परत येते. घरचा कुत्राही त्यांच्याबरोबर चालला होता, एवढा बारकावा लिहिणाऱ्याने सोडलेला नाही. सगळा प्रवास संपून मजुरी देण्याची वेळ येते तेव्हाच तो सांगतो की मी राफाएल आहे, परमेश्वराच्या समोर उभ्या राहणाऱ्या सात दूतांपैकी एक. बाप-लेक भयाने पालथे पडतात, आणि तोही त्यांना तेच सांगतो: भिऊ नका, देवाचे उपकार माना, मी माझ्या मर्जीने नव्हे तर देवाच्या इच्छेने आलो होतो. म्हणजे जो ग्रंथ आपल्या दोन परंपरांत सामाईक नाही, त्यातसुद्धा दूताचे वागणे सामाईकच आहे.

आणखी एक गोष्ट पोटतिडकीने सांगावीशी वाटते. सध्या घड्याळात ११:११ दिसले की देवदूत खुणावत आहेत असे सांगणारे, आणि देवदूतांच्या नावाने पत्ते काढून भविष्य वर्तवणारे वर्ग पुण्यातही भरतात. त्यांचा ख्रिस्ती श्रद्धेशी काही संबंध नाही. शास्त्रात आहेत ती तीन नावे सोडून देवदूतांना इतर नावे देण्याची प्रथा टाळावी, असे लोकभक्तीविषयीच्या २००१ च्या रोमच्या निर्देशात स्पष्ट म्हटले आहे. आणि ही काळजी नवी नाही, कारण ७४५ मध्ये रोममधील धर्मसभेनेही मनाने रचलेल्या नावांनी देवदूतांना हाक मारण्याला दोष दिला होता. जो दूत देवाविषयी काहीच सांगत नाही आणि फक्त माझी नोकरी, माझे लग्न, माझे नशीब याविषयीच बोलतो, तो बायबलमधला नव्हे.

अभंगवाचक (सदाशिव पेठ, पुणे)

मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरातला आहे आणि ही चर्चा आदराने वाचतो आहे. मूळ प्रश्नात रामदूताचा उल्लेख आला म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. सुंदरकांडात मारुती नुसता निरोप सांगत नाही, तर तो खरा आहे हे पटावे म्हणून खूण दाखवतो, ती रामाची अंगठी. मूळ प्रश्नातल्या नाताळच्या पाठातही देवदूत मेंढपाळांना खूण देतो, पण ती बरोबर आणत नाही; तुम्ही जाऊन पाहा, असे सांगतो. हा फरक मला लक्षणीय वाटला, कारण येथे निरोप पडताळण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवलेले आहे.

दुसरे असे की मारुती परत जाताना सीतेचा चूडामणी रामाकडे नेतो, म्हणजे दूत दोन्ही बाजूंनी जोडणारा आहे. ख्रिस्ती देवदूत माणसाचे म्हणणे देवाकडे नेतो का, की त्याची ये-जा एकाच दिशेने आहे?

मुठाकाठ (कर्वेनगर, पुणे)

सर्वांचे आभार. हागारेचा अध्याय मी काल रात्री काढून वाचला आणि त्याच्या पुढचा, एकविसाव्यातील, दुसरा प्रसंगही वाचला. लूकचा पहिला अध्यायही वाचला, आणि त्यात एक शंका आली. गब्रीएल वृद्ध याजक जखऱ्याला सांगतो की तुझ्या पत्नीला, अलीशिबेला, मुलगा होईल. जखऱ्या शंका काढतो आणि मुका होतो. पुढे तोच गब्रीएल नासरेथात मरीयेकडे जातो. तीही हे कसे होईल असे विचारते, पण तिला काहीच शिक्षा होत नाही. दोघांचे प्रश्न मला जवळजवळ सारखे वाटले. हा भेद का?

पंचहौदकर (गुरुवार पेठ, पुणे)

हा प्रश्न प्रवचनांतही वारंवार येतो. दोघांचे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. मरीया विचारते, हे कसे होईल. म्हणजे होणार हे धरून ती मार्ग विचारते. जखऱ्या विचारतो, हे मी कशावरून समजू. म्हणजे त्याला आधी पुरावा हवा आहे. मरीयेपुढे असे पूर्वी कधी घडल्याचा दाखला नव्हता. जखऱ्यापुढे मात्र म्हातारपणी मूल झालेल्या अब्राहाम आणि सारा यांचा दाखला होता, तो स्वतः याजक होता, मंदिरात धूप जाळण्याची चिठ्ठी त्याच्या नावाने निघाली होती, दूत धुपवेदीच्या उजव्या बाजूला उभा होता, आणि ज्या पुत्रासाठी तो प्रार्थना करीत आला होता त्याचीच वार्ता त्याला मिळत होती.

तरीही शिक्षा हा शब्द मी जरा जपून वापरीन. त्याने खूण मागितली आणि मुकेपणा हीच त्याला मिळालेली खूण आहे, असाही अर्थ लावला जातो. बाहेर लोक आशीर्वादासाठी ताटकळत आहेत, याजक बाहेर येतो, त्याच्याकडे कित्येक पिढ्यांत मिळाली नाही अशी वार्ता आहे, आणि त्याला ती सांगता येत नाही. तो हातांनी खुणा करीत राहतो. मुलाच्या सुंतेच्या दिवशी तो पाटी मागवून त्याचे नाव योहान आहे असे लिहितो, तेव्हा कोठे त्याची वाचा मोकळी होते. दरम्यान अलीशिबेने तेच नाव तोंडी सांगितलेले असते आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवलेला नसतो.

मरीयेच्या प्रसंगातील शेवटचे वाक्य तर माझ्या दृष्टीने देवदूतांविषयीच्या सगळ्या शिकवणुकीचे मर्म आहे. ती म्हणते, पाहा, मी प्रभूची दासी, आपल्या वचनाप्रमाणे मला होवो. आणि लगेच लिहिले आहे की मग देवदूत तिच्यापासून गेला. बाराव्या शतकातील बर्नार्ड या संताने एका प्रवचनात असे म्हटले आहे की देवदूत उत्तरासाठी थांबला आहे आणि आदामापासूनचे सारे जगही मरीयेच्या उत्तराची वाट पाहत आहे. निरोप पोहोचला एवढ्याने काम संपत नाही. तो ज्याला आला त्याचा होकार लागतो, आणि होकार मिळाल्यावर दूत क्षणभरही रेंगाळत नाही. योसेफाशी पुढे काय होईल, गाव काय म्हणेल, बाळंतपण कोठे होईल, यातले काहीही तो तिला सांगून गेलेला नाही. नातेवाईक अलीशिबेला सहावा महिना आहे एवढी एकच खूण तिच्यापाशी होती, आणि ती डोंगराळ वाट चालून तिकडे गेली. अभंगवाचकांनी मेंढपाळांविषयी जे टिपले ते येथेही लागू पडते.

जपमाळ (वडगाव शेरी, पुणे)

अभंगवाचकांच्या दुसऱ्या प्रश्नाला कॅथलिक उत्तर होय असे आहे. तोबीतमध्ये राफाएल सांगतो की तुम्ही प्रार्थना करीत होता तेव्हा ती परमेश्वरापुढे मीच सादर केली. प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात देवदूताच्या हाती सोन्याचे धूपपात्र आहे आणि धुपाच्या धुराबरोबर पवित्र जनांच्या प्रार्थना देवासमोर वर जातात. आमच्या मिस्साविधीतील, म्हणजे मुख्य उपासनेतील, सर्वांत जुन्या मोठ्या प्रार्थनेत, हे अर्पण तुझ्या पवित्र दूताच्या हातांनी तुझ्या स्वर्गीय वेदीवर नेले जावो, अशी विनंती आहे. याकोबाला बेथेल येथे स्वप्नात दिसलेल्या शिडीवरही दूत चढत होते आणि उतरत होते. आणि रोज सकाळी, दुपारी व संध्याकाळी म्हणतात त्या अँजेलसच्या प्रार्थनेत आम्ही मरियेला आलेला निरोप आणि तिने दिलेले उत्तर, दोन्ही क्रमाने म्हणतो.

पंचहौदकर (गुरुवार पेठ, पुणे)

येथे आमच्या परंपरेचा मतभेद नम्रपणे नोंदवतो. देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, असे प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो, आणि त्यामुळे प्रार्थना पोहोचवण्यासाठी आम्ही देवदूतांना हाक मारीत नाही. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातून चालत आलेली २९ सप्टेंबरची प्रार्थनासुद्धा देवदूतांना उद्देशून नाही. देवदूत जशी स्वर्गात तुझी सेवा करतात तसे त्यांनी तुझ्या आज्ञेने पृथ्वीवर आमचे साहाय्य व रक्षण करावे, अशी ती देवाला केलेली विनंती आहे. देवदूत मदत करतात याविषयी जपमाळताईंचे आणि आमचे दुमत नाही. ती मदत मागायची कोणाकडे, एवढ्यावर आहे.

नगर रस्ता (धर्मशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

चर्चा चांगल्या वळणावर आहे, म्हणून अभ्यासाच्या बाजूने काही गोष्टी मांडतो.

देवदूतांना पंख असतात ही आपली समजूत बव्हंशी चित्रांतून आलेली आहे. यशयाने पाहिलेल्या सराफीमांना सहा पंख आहेत आणि करूबांनाही पंख आहेत, पण ते देवाच्या सिंहासनाभोवतीचे जीव आहेत. ते निरोप घेऊन घरोघर येत नाहीत. अब्राहामाच्या तंबूशी आलेले तिघे माणसांसारखे होते, गिदोनाला भेटलेला दूत झाडाखाली बसला होता, आणि पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेत बायकांना दिसला तो मार्कच्या वर्णनात पांढरा झगा घातलेला तरुण आहे. रोममधील प्रिसिलाच्या भूमिगत दफनस्थळातील प्राचीन भित्तिचित्रात मरीयेपुढे उभी असलेली दूताची आकृतीही बिनपंखांची आहे. ख्रिस्ती चित्रांत पंख रूढ झाले ते चौथ्या शतकाच्या अखेरीपासून. पुढे पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास डायोनिशियस या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने देवदूतांच्या नऊ श्रेणी मांडल्या आणि मध्ययुगाने त्या उचलून धरल्या. त्या मांडणीत माणसांशी प्रत्यक्ष संबंध येणारे महादूत आणि दूत हे सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर आहेत. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने सोळाव्या शतकात अशा श्रेणींविषयी तर्क लढवण्यावर कडक टीका केली आणि शास्त्रात जेवढे आहे तेवढ्यावर थांबावे असा आग्रह धरला. माझा कल त्याच्याकडे आहे, पण निरोप नेणारे सर्वांत खाली ही कल्पना मला मनोमन आवडते.

नव्या करारात याहून महत्त्वाची एक गोष्ट घडते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय सगळा याच प्रश्नावर आहे: देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, आता पुत्राच्या द्वारे बोलला, आणि देवदूत हे तारण मिळणाऱ्यांच्या सेवेसाठी पाठवलेले आत्मे आहेत. शुभवर्तमाने या दृष्टीने वाचली तर देवदूत कथेच्या दोन टोकांना दाटीने आहेत, जन्मापाशी आणि कबरेपाशी. मधल्या काळात ते येशूची सेवा करताना दिसतात: रानातील परीक्षेनंतर, आणि लूकप्रमाणे गेथशेमाने बागेतही, जरी ती ओळ काही प्राचीन हस्तलिखितांत नाही. पण येशू गालीलात फिरत असताना कोणाला देवदूताने निरोप आणून दिला असे सहसा आढळत नाही, कारण ज्याच्याकडून निरोप यायचा तोच लोकांच्या घरी जेवायला बसला आहे. अटकेच्या वेळी तो म्हणतो की मी मागितले तर पिता बारा सैन्यांहून अधिक दूत पाठवील, आणि तो मागत नाही.

त्यानंतरचा टप्पा प्रेषितांच्या कृत्यांत आहे, आणि मूळ प्रश्नाचे उत्तर मला तेथे सर्वांत नेमके सापडते. कैसरीयात कर्नेल्य नावाचा रोमी शताधिपती होता. यहूदी नव्हता, पण देवभीरू होता. दुपारी तीनच्या सुमारास त्याला देवदूत दिसतो. तो त्याला पत्ता देतो: यापोस माणसे पाठव, पेत्र नावाच्या शिमोनाला बोलावून घे, तो समुद्रकिनारी कातडे कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला आहे. गाव, घर, घरमालकाचा धंदा, सगळे त्याने सांगितले. फक्त ज्यासाठी हा खटाटोप होता ती सुवार्ता तेवढी त्याने सांगितली नाही. देवदूत समोर उभा असताना कर्नेल्याला माणसे पाठवून, दिवस खर्चून, पेत्राची, म्हणजे येशूच्या एका कोळी शिष्याची, वाट पाहावी लागली; आणि त्या कोळ्याला यहूदी नसलेल्या परक्याच्या घरी जाण्यासाठी आधी स्वतःचे मन बदलावे लागले. देवदूताने सगळे तेथेच सांगून टाकले असते तर कर्नेल्याचे काम झाले असते, पण पेत्राने त्याचा उंबरठा ओलांडला नसता. म्हणून मला असे म्हणावेसे वाटते की देवाला दूताची गरज का, या प्रश्नाच्या जोडीने देवाला माणसाची गरज का, हाही प्रश्न विचारावा लागतो. तो दोघांनाही एकाच कामाला लावतो, आणि सांगण्याचे काम शेवटी माणसाकडे देतो.

निरोप्यापेक्षा निरोप मोठा, याचे सर्वांत कडक वचन पौलाचे आहे. आम्ही किंवा स्वर्गातील देवदूतानेही वेगळी सुवार्ता सांगितली तर तो शापित असो, असे तो गलतीकरांना, म्हणजे गलतीया प्रांतातील मंडळ्यांना, लिहितो, आणि तेथे त्याने स्वतःलाही त्यातून वगळलेले नाही. जपमाळताईंनी ज्या वर्गांचा उल्लेख केला त्यांना लावायची कसोटी हीच.

मुठाकाठताईंना पुढे वाचायचे असेल तर लूकचे पहिले दोन अध्याय झालेच आहेत. आता प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा आणि अकरावा अध्याय सलग वाचावा. अकराव्यात यरुशलेमेतील मंडळी पेत्राला जाब विचारते, आणि तो कर्नेल्याच्या घरातील देवदूताची हकिगत आपल्या तोंडाने पुन्हा सांगतो. दोन्ही ठिकाणची हकिगत ताडून पाहिली तर पहिल्या वेळी नसलेला एक तपशील दुसऱ्या वेळी सापडतो, आणि त्यावर येथे स्वतंत्रपणे बोलता येईल.